दुखण्याची आणेवारी

"सहा आणे," अक्का म्हणाली आणि माझ्या गुडघ्याभोवतीची टेप सोडवली. "फार तर साडेसहा. सोंगं करू नकोस."

"आठ आहेत," मी म्हणालो.

"आठ असते तर पाय सरळ करताना बोंबलला असतास. आत्ता नुसता कण्हलास. लिहिते, सहा."

त्या दिवशी घरी बारसं होतं. अक्काचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी, आणि मुलीचा बारावा दिवस. चार वाजता गावातल्या बायका यायच्या होत्या. कागदी माळ बांधायला म्हणून मी सकाळी स्टुलावर चढलो, उतरताना पाय मुरगळला आणि तासाभरात गुडघा गरम झाला. मग बारा दिवसांची बाळंतीण बाजेवरून उठली, जमिनीवर बसली आणि भावाचा गुडघा मोजायला लागली. मी चोवीस वर्षांचा घोडा, मुलांना गणित शिकवणारा, पण तिला राहू दे म्हणालो नाही. आज ते आठवलं की मला स्वतःचीच चीड येते. तेव्हा मात्र घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दिगूचं काही सुजलं की अक्काला हाक मारायची, ही ती दहा वर्षांची असल्यापासूनची पद्धत.

मला हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारं जे द्रव्य अंगात लागतं, ज्याला आम्ही सगळे नुसतं फॅक्टर म्हणतो, ते माझ्यात जवळजवळ नाहीच. लोकांना वाटतं, बोट कापलं की आम्ही गेलो. तसं काही नसतं हो. आमचं रक्त आतल्या आत झिरपतं, गुडघ्यात, कोपरात, मांडीच्या स्नायूत, आणि नशीब फिरलं तर पोटात नाहीतर डोक्यात. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून दर वेळी एकच भांडण असतं: हे दुखणं केवढं? आताचे डॉक्टर सांगतात, शंका आली की आधी इंजेक्शन घ्या आणि मग मोजत बसा. तेव्हा ती चैन नव्हती. सिव्हिलमधून फॅक्टरच्या दोन बाटल्या मिळायच्या, त्या आमच्या फ्रिजच्या दारात लोण्याच्या कप्प्यात असायच्या, आणि त्या संपल्या की पुढच्या कधी येतील ते कुणी सांगू शकायचं नाही. उगाच वापरली तर खऱ्या वेळी हात रिकामे, आणि जपून ठेवली तर सांधा कायमचा जायचा. माझा डावा कोपर असाच गेला आहे.

यावर अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तोडगा काढला होता. अण्णा तलाठी. दरवर्षी पिकाची आणेवारी लावण्यात, म्हणजे सोळा आण्यांपैकी पीक किती आलं ते ठरवण्यात, त्यांचा जन्म गेला. सरकारनं कागदावर पैसेवारी केली तरी त्यांच्या तोंडी आणेच राहिले. शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघून आणेवारी लावायची नाही, रानात उतरून कणसं मोजायची, असं ते म्हणत. तोच नियम त्यांनी माझ्या अंगाला लावला. नुसती झिणझिण असेल तर दोन आणे, बर्फ लावा आणि गप्प पडा. गरम लागलं की चार. टेपेवर अर्धं बोट सूज दिसली की सहा. सांधा सरळ होईना झाला की आठ, तिथं एक बाटली. मान, गळा, जांघ असेल तर सूज दिसो न दिसो, बारा. आणि डोकं किंवा पोट असेल तर सोळा, तिथं टेप काढायचीच नाही, सरळ गाडी.

यासाठी एक लांबट सरकारी वही होती. अण्णांनी रकाने आखले आणि अक्काच्या हातात दिली. तिचं अक्षर चांगलं होतं आणि तिला माझी दया यायची नाही, हे दोन गुण अण्णांनी हेरले असावेत. मी घाबरून जास्त सांगायचो किंवा क्रिकेट चुकेल म्हणून कमी सांगायचो, ती दोन्ही वेळा बरोबर पकडायची. वहीत कारण लिहायचाही रकाना होता. माझ्या नावापुढं तिनं किमान चाळीस वेळा 'शहाणपणा' असं कारण लिहिलेलं आहे.

त्या दिवशीही तिनं तेच लिहिलं. मग वही मिटताना तिला जांभई आली.

"झोप झाली नाही वाटतं?" मी विचारलं.

"तुझी भाची झोपू देते होय! रात्रभर गाणं चालू असतं."

ती हसली आणि पुन्हा जांभई दिली. मग तिसरी. बाजेचा कठडा धरून उठली, आणि उठल्यावर लगेच चालली नाही. एक हात कठड्यावर ठेवून भिंतीकडे बघत उभी राहिली, गाडी फलाटाला लागायची वाट बघत माणूस उभा राहतो तशी. ओठांभोवतीची कातडी पांढरी पडली होती.

बाळंतपणातलं मला काही कळत नव्हतं, पण ते उभं राहणं मला माहीत होतं. अठराव्या वर्षी माझ्या आतड्यातून रक्त गेलं होतं. चार दिवस कुणाला कळलं नव्हतं, कारण मला दुखतच नव्हतं. फक्त जांभया येत होत्या. झोप नसताना, एकामागून एक.

"अक्का, कानात आवाज येतोय का? लांब कुठं गिरणी चालू असल्यासारखा?"

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"कधीपासून?"

"काल दुपारपासून असेल. अरे, अशक्तपणा असतो बाळंतिणीला. डिंकाचे लाडू खातेय ना मी."

"रक्त जातंय?"

कोपऱ्यात तारामावशी बाळाला तेल लावत बसल्या होत्या. पन्नास वर्षं बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या बाई, त्यांचा हात जागच्या जागी थांबला. आई दारात हळिवाची खीर घेऊन उभी होती.

"दिग्या!" आई म्हणाली. "लाजबिज काही आहे का नाही? बहिणीला हे विचारतात?"

"आई, किती जातंय?"

"बाहेर जा आधी."

"बाळंतिणीचं आंग मोकळं व्हतंय लेकरा," तारामावशी समजुतीनं म्हणाल्या. "म्हैना-सव्वा म्हैना जातंच. तू पुरुषमाणूस, तुला काय म्हाईत."

"मावशी, कालच्यापेक्षा आज कमी आहे का जास्त, तेवढं सांगा."

मावशींनी आईकडे बघितलं आणि तेल लावायला लागल्या. म्हणजे जास्त होतं.

अक्का खाली बसली होती. तिचा चेहरा लाल व्हायला हवा होता, लाजेनं तरी. तो झाला नाही. ती माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बघ, तू झोप आणि बर्फ लाव. मला कशाला चिकटलास? मला नसतो तो आजार. बायकांना नसतोच. डॉक्टरांनी सांगितलंय ना, आपण फक्त पुढं देतो."

आमच्या घरात हे वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आईचा धाकटा भाऊ लहानपणी दुधाचा दात पडल्याचं निमित्त होऊन गेला होता, त्यामुळं हा आजार आईच्या माहेरचा, हे अण्णांच्या आईनं तिला मरेपर्यंत ऐकवलं. बायका तो देतात आणि पुरुष भोगतात, इतका सरळ हिशेब. म्हणून तर अक्काला मुलगी झाली तेव्हा अण्णांनी गावभर पेढे वाटले होते. मुलगी झाली म्हणून इतका आनंद करणारं गावात आमचं एकच घर असेल.

मी मात्र तिथं बसल्या बसल्या एक एक आठवायला लागलो. अक्काची अक्कलदाढ काढली तेव्हा तिची उशी तीन दिवस लाल होती. त्याच आठवड्यात माझा खांदा सुजला होता, म्हणून सगळे माझ्याभोवती. शाळेत महिन्यातले काही दिवस ती गैरहजर असायची आणि परत यायची ती पिवळी पडून. आई म्हणायची, खात नाही नीट. तिच्या दंडावर कायम हिरवे-निळे डाग असायचे. ते सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही तिच्याकडून वही लिहून घेत होतो.

"अक्का, खरं सांग. सकाळपासून किती कपडे भिजले?"

"गप रे."

"तू मला जांघेतलं दुखणं विचारलं होतंस तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. मला लाज नव्हती वाटत? तू ऐकलंस का?"

तिनं डोळे मिटले. "सात," ती म्हणाली. "आठवा आता बदलायचाय. आणि गाठी पडतायत."

आईच्या हातातली वाटी खाली आली, खिरीसकट. आईच्या तोंडाकडे बघून मला कळलं की सातचा आकडा तिलाही पहिल्यांदाच कळत होता. अक्का स्वतःच मोरीत जाऊन धुऊन टाकत होती, आईला त्रास नको म्हणून, बारशाचा स्वयंपाक होता म्हणून.

मी सिव्हिलच्या कडोलकर मॅडमना फोन लावला. माझ्या आजाराच्या डॉक्टर, तोंडानं फटकळ आणि माणूस लाखाचं. मी सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"दिगंबर, फोनचा आवाज मोठा कर आणि तिच्याजवळ ठेव. सुलभा, ऐकू येतंय ना? एका तासात एक कपडा पूर्ण भिजतो का?"

अक्का आईच्या कानात बोलली. आई माझ्याकडे पाठ करून फोनकडे तोंड करून म्हणाली, "त्याच्या आधीच भिजतो म्हणते."

"गाठी केवढ्या? बोराएवढ्या की लिंबाएवढ्या?"

पुन्हा कानगोष्ट. "लिंबाएवढ्या," आई म्हणाली.

"उभं राहिलं की अंधारी येते का?"

"येते," अक्का स्वतःच म्हणाली.

"ताप? पोटात कळ? लघवीला शेवटी कधी गेलीस?"

"सकाळी. थोडी झाली."

मॅडम म्हणाल्या, "आडवी हो, पाय उशीवर वर ठेव. आणि तुम्ही सगळे ऐका. बारसंबिरसं राहू दे. आत्ता या मिनिटाला निघा, मध्ये कुठंही थांबू नका. बाळ बरोबर घ्या, त्याला दूध लागेल. दिगंबर, घरात बाटल्या किती?"

"दोन."

"दोन्ही बर्फात घालून आण. इथं आज एकच शिल्लक आहे, बाकीच्या मी मागवते. रक्तपेढीलाही सांगून ठेवते."

"मॅडम, पण तिला तर आजार…"

"ते मी बघते. तू गाडी बघ."

अण्णा ओसरीवर केळीचे खांब बांधत होते. मी लंगडत बाहेर गेलो आणि म्हणालो, "अण्णा, गाडी. अक्काला सोळा आहेत." त्यांनी का, कसं, काहीही विचारलं नाही. हातातली सुतळी टाकली आणि त्या वयात, धोतराचा सोगा वर धरून, जीपवाल्या सर्जेरावाच्या घराकडे पळत गेले. अण्णांना पळताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

साठ किलोमीटर. मागच्या सीटवर अक्का आडवी, तिचं डोकं आईच्या मांडीवर आणि पाय माझ्या मांडीवर. अण्णा पुढं बाळ घेऊन बसले होते, अवघडून, दोन्ही हातांनी गच्च धरून. थर्मास माझ्या पायांत होता आणि दर खड्ड्याला त्यात बाटल्या किणकिणत होत्या.

"दिगू," अक्का डोळे मिटूनच म्हणाली, "तुझ्या बाटल्या आहेत त्या. गुडघा वाढला तर?"

"वाढू दे. सिव्हिलमध्ये एक आहे अजून."

"मूर्खासारखं बोलू नकोस. अर्धी तरी ठेव."

"बोलू नकोस तू. दम जातो."

"मी मेले तर पोरीला तुम्ही नीट…"

"अक्का, तोंड बंद!" मी ओरडलो, आणि ओरडता ओरडता रडायला लागलो. चोवीस वर्षांत मी दुखण्यानं रडलो होतो, इंजेक्शननं रडलो होतो. दुसऱ्याच्या भीतीनं रडायची माझी ती पहिलीच वेळ. तिचे तळपाय गार पडले होते, ते मी दोन्ही हातांत धरून चोळत होतो. पाच मिनिटांनी विचारायचो, "अक्का, जागी आहेस?" ती म्हणायची, "हं." एकदा ती 'हं' म्हणाली नाही. आईनं तिच्या गालावर चापट्या मारल्या आणि देवाचं नाव घ्यायला लागली. मी सर्जेरावाला काय बोललो ते मला आठवत नाही. तो नंतर सांगायचा की मी त्याला त्याच्या बापावरून शिवी दिली.

सिव्हिलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. मॅडमनी माझ्या हातातला थर्मास हिसकावून घेतला. मला दारातच अडवलं आणि दार बंद झालं. मी व्हरांड्यात फरशीवर बसलो, कारण तोवर गुडघा भोपळ्याएवढा झाला होता आणि बाकापर्यंत जाववत नव्हतं. आई शेजारी बाळाला घेऊन बसली. बाळ भुकेनं रडत होतं, त्याला साखरेचं पाणी द्यावं की नाही, यावर अण्णांनी तीन नर्सना विचारलं.

दीड तासानं मॅडम बाहेर आल्या. "रक्त कमी येतंय," त्या म्हणाल्या. "आत वारेचं काही राहिलेलं नाही, सोनोग्राफी केली. फॅक्टर दिला आणि ते थांबायला लागलं. रक्ताची एक पिशवी संपली, दुसरी लावलीय. तासभर उशीर केला असता तर मी काही करू शकले नसते." मग माझ्याकडे बघून, "आणि हा काय इथं पसरलाय? उचला याला, याचा पाय बघा."

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. अक्काच्या खाटेभोवती आम्ही सगळे होतो. दाजीही पहिल्याच दिवशी धावत आले होते आणि पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते. अक्काच्या ओठांना रंग आला होता आणि ती मला टोमणे मारायला लागली होती, म्हणजे आता ती बरी होती. मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

"सुलभा, तुझा फॅक्टर चौदा टक्के आहे. निरोगी माणसाला पन्नासच्या वर असतो. पोटात मूल असताना तो आपोआप वाढतो, म्हणून बाळंतपण निभावलं. नंतर उतरला. तुला आजार आहे, सौम्य आहे, पण आहे. जन्मापासून."

"पण बायकांना…" अक्का म्हणाली.

"होतो. कमी-जास्त होतो. आम्हीच तुला कधी विचारलं नाही. दिगंबरला घेऊन तू इथं पंधरा वर्षं येतेस. तुझं रक्त एकदाही काढलं नाही, ही चूक आमची आहे. बाळाचंही पुढं तपासू."

अक्कानं चादर तोंडावर ओढली आणि ती हमसून हमसून रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. मी चादर खाली ओढली तर ती म्हणाली, "मला वाटायचं मी उगाच बाऊ करते."

आई खिडकीपाशी उभी होती. गेले तीन दिवस ती जवळजवळ बोललीच नव्हती, माझ्याशी तर नाहीच. आता ती पुढं आली. पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला आणि मॅडमच्या समोर उभी राहिली.

"बाई, माझं पण बघता का रक्त?"

"बघू की. तुम्हाला काय होतं, मावशी?"

"आता काही नाही. बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली माझी. त्याआधी…" ती माझ्याकडे बघून थांबली. मी उठायला लागलो, तर ती म्हणाली, "बस." मग मॅडमना सांगत राहिली. "त्याआधी महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस जायचं. विहिरीवरून पाणी आणताना पाय लटपटायचे. सासूबाई म्हणायच्या, कामाचा कंटाळा आहे. मलाही तसंच वाटायचं, की सगळ्याच बायका सोसतात, मलाच सोसवत नाही. पिशवी काढताना चार बाटल्या रक्त चढवलं, तेव्हाही कुणी काही बोललं नाही."

मॅडमनी लगेच नर्सला हाक मारली. आई स्टुलावर बसली आणि बांगड्या कोपराकडे सारून हात पुढं केला. माझ्या प्रत्येक सुईच्या वेळी माझं डोकं पोटाशी धरून 'काही होत नाही, मुंगी चावते' म्हणणारी माझी आई, आता सुईकडे टक लावून बघत होती.

"दुखतं का गं?" तिनं अक्काला विचारलं.

अक्कानं सलाईन नसलेला हात लांब करून तिचा दुसरा हात धरला.

"दुखतं थोडं," अक्का म्हणाली. "दुखलं की सांग हां, आई."